सुभेदाराची जामिनकी

गुढीपाडवा, अक्षय तृतीया, वटपौर्णिमा, पोळ्याचा दुसरा दिवस आणि दसऱ्याचा दुसरा दिवस, या पाच तिथी मी प्रारंभीच नमूद करून ठेवतो. मागाहून कोणी ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ असे म्हणू नये. पाडव्याला आमच्या धारच्या हॉकी क्लबाने नवा कोच नेमला. अक्षय तृतीयेला आमचा संघ हरला. वटपौर्णिमेला पुन्हा हरला, तेही घरच्या मैदानावर, पाहुण्यांना वाळ्याचे सरबत आपणच पाजून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी क्लबाची ती सभा झाली, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवासला जे व्हायचे ते झाले. जबाबदार इसम पुढीलप्रमाणे : क्लबाचे अध्यक्ष, जे कापडाचे व्यापारी असून सभेतही थान उलगडत गेल्यासारखे बोलतात, क्लबाचे चिटणीस, ज्यांना नियमांचे पुस्तक तोंडपाठ आहे, अर्थ तेवढा ठाऊक नाही, आणि या दोघांहून अधिक, स्वतः आमचे साडू. पहिल्या दोघांवर माझा राग आहे. तिसऱ्यावरही आहे, पण त्या रागाचे करावे काय, हे मला आजतागायत समजलेले नाही.

आमच्या साडूंइतका धीर धरणारा माणूस नर्मदेपासून चंबळेपर्यंत दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगावयास तयार आहे; आणि दरबारच्या न्यायखात्यात शिरस्तेदारी करता करता केस पांढरे झालेले असल्यामुळे शपथ म्हणजे काय हे मला सांगावे लागत नाही. आमची मंडळी आणि त्यांची मंडळी सख्ख्या बहिणी, घरे एका बोळाच्या अंतरावर. तेव्हा मी साक्षीदार ऐकीव नव्हे. चहा बशीत ओतणे हा चहावर जुलूम आहे अशी या गृहस्थांची समजूत. ते कप समोर ठेवतात आणि तो आपल्या राजीखुशीने निवेपर्यंत त्याच्याकडे पाहत बसतात. माझा दुसरा कप संपतो तेव्हा त्यांच्या पहिल्यावर साय धरलेली असते. त्यांचा नेहमीचा न्हावी उज्जैनला राहावयास गेला आणि त्याच्या जागी त्याचा पुतण्या आला. पहिल्या दाढीला त्याने साडूंची हनुवटी कापली, दुसरीला गाल, तिसरीला कानाची पाळी. मी म्हणालो, “अहो, याच्यावर फौजदारी होऊ शकते.” साडू पाळीला तुरटी लावीत म्हणाले, “हात बसतोय त्याचा, भाऊसाहेब. आज बघा ना, गळ्याला काहीसुद्धा झालं नाही.” त्यांची सून बदनावरची. लग्नानंतरचे कित्येक महिने तिची आमटी समुद्राच्या पाण्यासारखी होत असे, आणि साडू घासागणिक पाणी पीत मुकाट्याने जेवत. माझी मेहुणी शेवटी कडाडली, “अहो, तोंडाने सांगा तरी तिला!” साडू म्हणाले, “सांगायचं काय? तीही तीच आमटी खातेय की.” आज त्या सुनेच्या हातची आमटी मिळावी म्हणून मी स्वतः जेवणाच्या वेळी तिकडे काही ना काही काम काढून जातो, ही गोष्ट वेगळी.

इंदूरची बस भरल्याखेरीज सुटत नसे तो काळ. इतर उतारू ड्रायव्हरशी भांडत. आमचे साडू खिडकीजवळ बसून मांडीवरची पिशवी कुरवाळीत. एकदा ते सकाळी गेले आणि दिवेलागणीला परत आले. मेहुणीने विचारले, “झालं का इंदूरचं काम?” साडू पाय धूत म्हणाले, “बस गेली नाही. उद्या जाईल.” दिवसभर ते त्या उभ्या बसमध्ये बसून होते, आणि चेहऱ्यावर प्रवास सुखाचा झाल्याचे समाधान होते. या सर्वांवर कडी म्हणजे त्यांचा रॉकेलचा डबा. मांडूला जी खुरासानी चिंचेची हत्तीच्या पायांसारखी झाडे आहेत, त्यांचे बी आणून त्यांनी ते डब्यात पेरले. वर्ष गेले, डब्यात माती होती. दुसरे गेले, माती होती. साडू त्या मातीला रोज पाणी घालीत आणि उन्हे चढली की डबा उचलून सावलीत नेत. मी म्हणालो, “हे बी मेलेले आहे.” ते म्हणाले, “शेकडो वर्षं जगणारं झाड ते. पहिली दहा-वीस त्यात धरायचीच नसतात. खाली काम चाललं असेल.”

असा माणूस हॉकीच्या नादी लागावा हा दैवदुर्विलास होय, कारण हॉकीला घाई लागते. पण साडू नादी लागले होते ते दरबारच्या काळापासून. किल्ल्याखालच्या मैदानावर कडुनिंबाच्या झाडाशी त्यांची जागा ठरलेली. तेथे ते घरून जेवणाचा पाट घेऊन येत, ज्यावर रोज दोन्ही वेळा जेवतात तोच. खुर्च्या होत्या, बाके होती. साडू म्हणत, “पाटावर बसलं की वाढणाऱ्यावर ओरडता येत नाही.” संघ गोलामागून गोल खाई, सभोवार शिव्यांचा पाऊस पडे, आणि हे गृहस्थ ताट येण्याची वाट पाहावी तसे मांडी घालून बसलेले. शेवटची शिटी झाली की पाट काखोटीला मारायचा, दोन्ही संघांना नमस्कार करायचा आणि घरी जायचे.

देवासशी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सामना, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. हरलेल्या गावाने जिंकलेल्या गावाला मैदानावर आपट्याचे सोने द्यायचे. आम्ही बहुतेक हरतच असल्यामुळे आणि हे काम करावयास कोणी पुढे येत नसल्यामुळे ते साडूंकडे आले, आणि त्यांनी ते अशा प्रसन्न चित्ताने केले की देवासचे लोक आमच्या संघापेक्षा आमच्या साडूंची वाट पाहू लागले. त्यात एक नाजूक पेच होता. देवास म्हणजे एका गावात दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती, संघ दोन, कॅप्टनही दोन. सोने आधी कोणाला द्यावे? साडूंनी तोड काढली. दोन हातांत दोन डहाळ्या घेऊन ते दोघांपुढे एकदम हात करीत, उजवा रेसभरही पुढे नाही, डावा रेसभरही मागे नाही. दोन्ही दरबारांतून त्यांची तारीफ झाल्याचे मला खात्रीलायक कळले आहे.

मग संस्थाने विलीन झाली. देवासच्या दोन पात्यांचा मिळून एक संघ झाला आणि तो पूर्वीच्या दुप्पट बळकट निघाला. अर्धे खेळाडू या पातीचे, अर्धे त्या पातीचे; अकरा हा आकडा विषम असल्यामुळे अकराव्याचा तंटा होता, तो त्यांनी उज्जैनचा गोलकीपर आणून मिटवला. या गोलकीपरास मी लेखी हरकत घेतली होती. आमच्याकडे विलीनीकरणातून काय आले? मैदानावरचा दगडी रोलर. तो सरकारचा की गावाचा, हे विचारण्यासाठी मी नव्या मध्यभारत सरकारला जी पत्रे लिहिली ती उन्हाळ्यात ग्वाल्हेरला पोहोचत, तेव्हा राजधानी इंदूरला गेलेली असे. आणि हिवाळ्यात इंदूरला पोहोचत, तेव्हा ती ग्वाल्हेरला परतलेली असे. रोलर जागचा हलला नाही.

मात्र एक अधिकार आम्हांस प्रथमच मिळाला. दरबारचा कोच महाराजांनी नेमलेला. त्याला काढण्याचे कोणी स्वप्नही पाहत नसे. आता क्लबाची निवडून दिलेली कमिटी होती, ठराव होते, हात वर करणे होते. स्वराज्य आले होते आणि आमच्या गावाला कोणाला तरी काढून पाहायचे होते. दिल्ली लांब, ग्वाल्हेर-इंदूरचा ठिकाणा नाही. हाताशी सापडला तो कोच. दोन वर्षांत आम्ही चार कोच काढले. चारही ठरावांचे मसुदे माझे होते आणि त्यांत एक काना-मात्रा फिरवावी लागली नाही.

पाचवे हे सुभेदार. महूच्या छावणीतून पेन्शन घेऊन आलेले, उंच, मिशा पांढऱ्या, बोलणे मोजके. त्यांनी पहिल्याच दिवशी मैदानावरचे सर्व चेंडू एका पोत्यात भरून पोत्याचे तोंड शिवून टाकले. “गेंद अभी नहीं,” ते म्हणाले. “पहले टाँगें.” त्यानंतर आमचे खेळाडू धान्याची पोती पाठीवर घेऊन तलावाच्या बंधाऱ्यावर धावू लागले, एका पायावर उभे राहू लागले, काठी आडवी धरून तिच्यावरून उड्या मारू लागले. बाजारातले लोक कामधंदा सोडून पाहावयास येत. एक दूधवाला मला म्हणाला, “वकीलसाब, यो सुभेदार छोरा होन के हाकी सिखई रियो है के नाचणो?” मी वकील नाही, शिरस्तेदार होतो, पण प्रश्न कायदेशीर होता. अक्षय तृतीयेच्या सामन्यात आमचे खेळाडू पाहुण्यांपेक्षा वेगाने धावले आणि चेंडू दिसताच गोंधळून थांबले, कारण ती वस्तू त्यांनी पाडव्यानंतर पाहिलीच नव्हती. गोल किती झाले ते मी येथे लिहीत नाही. गावाची बदनामी हा माझा हेतू नव्हे.

साडू त्या संध्याकाळी पाट घेऊन माझ्याबरोबर परत येत होते. म्हणाले, “सून आली त्या दिवशीच तिला पुरणपोळ्या करायला बसवतो का आपण?”

“ही सून चार महिन्यांत परातदेखील पाहणार नाही, असे दिसते,” मी म्हणालो.

“खाली काम चाललं असेल, भाऊसाहेब.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सभा भरली. विषय एकच, सुभेदारांस कार्यमुक्त करणे. ठराव मी मांडला. अध्यक्षांनी थान उलगडावयास घेतले, चिटणीसांनी नियम म्हटले, आणि हात वर होणार इतक्यात मागच्या भिंतीशी आमचे साडू उभे राहिले. त्यांना सभेत बोलताना तोवर कोणी ऐकले नव्हते, त्यामुळे सर्वांना वाटले त्यांना पाणी हवे आहे.

“मंडळी,” ते म्हणाले, “दसऱ्यापर्यंत थांबा. आमच्या घरी डब्यात एक बी आहे. ते मी रोज उकरून बघितलं असतं तर काय झालं असतं?”

“अरे भिया, डब्यातून अजून आलंय काय?” कोणीतरी ओरडले, आणि सभा हसली.

“काहीच नाही,” साडू शांतपणे म्हणाले. “म्हणून तर उकरत नाही.”

अध्यक्ष म्हणाले, “थांबायला हरकत नाही हो, पण देवासला नाक कापलं गेलं तर जबाबदार कोण? कोणी जामीन राहतो काय?”

“मी राहतो.”

“जामीन म्हणून ठेवणार काय?” चिटणीसांनी विचारले.

साडूंनी बराच वेळ विचार केला. तेवढ्यात मला वाटले, ते डबा देऊ करतील. ते म्हणाले, “माझी जागा. देवासशी हरलो तर मी मैदानावर पाऊल टाकणार नाही.” जो माणूस त्या कडुनिंबाखाली पाट मांडून उभे आयुष्य पराभव जेवला, तो पाट उचलण्याची गोष्ट करीत होता. मी इतका संतापलो की कागद ओढून जामीनकतबा तेथल्या तेथे लिहून काढला, हेतू हा की शब्द समोर पाहून तरी गृहस्थ घाबरेल. ‘देवासशी हार झाल्यास, क्लब ठराव करून आपला शब्द परत देईपर्यंत, लिहून देणार मैदानात पाय ठेवणार नाही.’ साडूंनी तो दोनदा वाचला, “अक्षर सुरेख आहे,” म्हणाले आणि सही केली.

देवासला आम्ही दोन बसा करून गेलो. टेकडीखालचे मैदान माणसांनी फुलले होते. सुभेदारांनी पोते दसऱ्यापूर्वी काही आठवडे उसवले होते, एवढेच आम्हांस ठाऊक. खेळ सुरू झाला आणि प्रथमच असे दिसले की चेंडू जेथे जायचा तेथे आमचा माणूस आधीच पोहोचलेला आहे. देवासचे खेळाडू दमले, आमचे दमेनात. पोती वाहिलेले पाय होते ते. देवासने एक गोल केला, तो आम्ही फेडला. उज्जैनच्या गोलकीपरास मी कडेने त्याचे गाव विचारीत होतो, त्यामुळे आमचा गोल माझ्यादेखत झाला. दूधवाला माझ्या गळ्यात पडून रडला. मग अगदी शेवटास देवासने दुसरा गोल केला आणि शिटी झाली.

आम्ही हरलो होतो, एका गोलाने. आदल्या वर्षी याच संघाचे गोल मोजताना हातांची बोटे संपली होती. आमच्या लोकांनी आनंदाने आरोळी ठोकली, सुभेदारांना खांद्यावर घेतले, देवासकरांना समजेना की जिंकले कोण. अध्यक्ष ओरडत होते, “यांना आता कोण काढतो ते मी बघतो!” त्या गर्दीतून आमचे साडू दोन हातांत दोन डहाळ्या घेऊन निघाले. कॅप्टन आता एकच. पण सवयीने त्यांनी दोन्ही हात सारखेच पुढे केले. कॅप्टनने उजव्या हातातले सोने घेतले. डाव्या हातातले तसेच राहिले. साडूंनी त्या डहाळीकडे पाहिले, मागे वळले आणि खांद्यावरच्या सुभेदारांना वर हात करून ती दिली. “सुभेदारसाहब, ये आपका.” सुभेदार खाली उतरले आणि त्यांनी एका साध्या नागरिकास कडक सलाम ठोकला. मग साडूंनी पाट उचलला.

बसमध्ये मी म्हणालो, “दुसरा गोल नियमबाह्य होता. मी अर्ज लिहीत आहे. निर्णय होईपर्यंत हार झाली असे मानता येत नाही.”

“शिटी वाजली ना, भाऊसाहेब?”

“वाजली. पण सुभेदार राहिले, संघ उभा राहिला, जामिनकीचा हेतू सफळ झाला!”

“हेतू सफळ झाला हे खरंच,” ते आनंदाने म्हणाले. “पण हरलो, हेही खरं.”

तेव्हापासून ते मैदानात गेलेले नाहीत. त्या कतब्यात पळवाट शोधण्यासाठी मी तो किती वेळा वाचला असेल. पण मसुदा माझ्या हातचा, त्यात पळवाट कोठून असणार? मैदानासमोर रस्ता आहे, रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी. तिच्या ओट्यावर साडू पाट मांडून पाठमोऱ्या प्रेक्षकांच्या भिंतीकडे तोंड करून बसतात. सामना असला की गिरणीवाला पट्टा काढून ठेवतो आणि गिऱ्हाइकांना सांगतो, “थोडो रुको भिया, काकासाब खेल सुणी रिया है.” आणि ते खरोखर ऐकत. काठीचा आवाज, पायांची धाव, लोकांचा श्वास यांवरून सांगत, “आता डावीकडनं चाललाय. थांबला. याने उगीच स्वतःकडे ठेवला.” सुभेदार रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून येतात, ओट्यावर त्यांच्याशेजारी बसतात आणि दोघे मिळून एक कप चहा निवण्याची वाट पाहतात. पुढल्या दसऱ्याला आम्ही घरच्या मैदानावर देवासला हरवले. पेढे वाटले गेले. देवासचा कॅप्टन सोने घेऊन सर्वत्र शोधत होता, “तुमचे ते दोन हातांचे काका कुठे?” आणि अखेर त्यानेही रस्ता ओलांडला.

ओलांडला नाही तो कमिटीने. मी ठरावासाठी अर्ज दिला. चिटणीस म्हणतात, आपखुशीने दिलेला शब्द परत करण्याची नियमांत तरतूद नाही. अध्यक्ष म्हणतात, “अरे, रोका किसने है उनको? येऊ द्या की!” अडवले कोणीच नाही. परंतु ज्याने आपली जागा दिली, त्याला ती ‘घ्या’ असे म्हणावे लागते. आमच्या साडूंना हे सांगता येत नाही, आणि त्या दोघांना ऐकू येत नाही. मेहुणी मला म्हणाली, “भावोजी, तुम्ही एवढी पत्रं लिहिता, एक यांच्यासाठी फळेल असं लिहा.” साडू म्हणाले, “राहू दे गं. कमिटी नवीन आहे. हात बसतोय त्यांचा.”

मी हे जाहीरपणे लिहिण्याचे कारण निराळे आहे. गेल्या सामन्यास मी मैदान सोडून गिरणीच्या ओट्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. मैदानातून मोठी आरोळी उठली. अशा आरोळीवरून गोल कोणी केला, कोठून केला, हे साडू मला नेहमी आधी सांगत. त्या दिवशी ते काही क्षण मान तिरकी करून बसले आणि मग हळूच, गिरणीवाल्याला कळू नये असे, मला विचारले, “भाऊसाहेब, आपला का?” मी म्हणालो, “आपला.” ते समाधानाने हसले. त्यांचे कान जात चालले आहेत. घरी त्यांनी कोणास सांगितलेले नाही. रॉकेलच्या डब्यात मात्र औंदा एक अंकुर वर आला आहे. त्याला दोन पाने आहेत आणि ती साडूंनी मला उजेडाकडे धरून दाखवली. डोळे अद्याप शाबूत आहेत. गिरणीच्या ओट्यावरून त्यांचा काही उपयोग होत नाही.

सबब क्लबाचे अध्यक्ष आणि चिटणीस यांस माझी मागणी आहे. दसरा जवळ आला आहे. मैदान आणि गिरणी यांच्या मधला रस्ता बैलगाडीच्या रुंदीचा आहे. तो ओलांडून, आपट्याचे एक पान हाती घेऊन, एका म्हाताऱ्या माणसास “चला, तुमची जागा मोकळी आहे” एवढे म्हणण्यास आपणांस कोणत्या नियमाने मनाई केली, त्याचे उत्तर आपण चार लोकांसमक्ष द्यावे. आमच्या साडूंना घाई नाही. ते आणखी दहा-वीस वर्षे थांबतील आणि ती धरणारही नाहीत. मला घाई आहे. कडुनिंबाखाली मी माझी खुर्ची मांडतो तेव्हा शेजारी पाटाएवढी जागा सोडून मांडतो, आणि ती जागा पाहत सामना पाहणे मला आता जमत नाही.